सासूबाईंचा गुडघा आणि तुमची बोटं

प्रश्न : माझं वय ४१. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते, घरी शिवणकाम करते. दीड वर्षापूर्वी दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर दोन-दोन तास मूठ वळत नाही. रक्ततपासणीत संधिवाताची खूण दाखवणारे आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही पॉझिटिव्ह आले. संधिवाताच्या तज्ज्ञांनी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्झेट सुरू केली. फरक पडत होता, पण गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळायचं. या गोळ्यांनी लिव्हर जातं असं जाऊबाई म्हणाल्या, म्हणून दिवाळीनंतर बंद केल्या. सासूबाई रोज रात्री गरम तेलाने हात चोळून देतात. त्यांचा गुडघा तेलानेच बरा झाला, माझी सूज मात्र वाढते. अडीच महिन्यांपासून बाजारच्या दिवशी येणाऱ्या एका वैद्यांच्या आयुर्वेदिक पुड्या घेते. दुसऱ्याच दिवशी ठणका थांबला. भूक लागते, चेहराही भरलाय, सगळे म्हणतात तब्येत सुधारली. एखादी पुडी चुकली तर अंग मोडून येतं. आता पूर्ण आयुर्वेदच करावा का? आजार मुळापासून जाईल ना?

उत्तर : ताई, तुमचा मुख्य प्रश्न बाजूला ठेवून मी आधी पुडीकडे वळते, कारण बाकीचं सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

मी स्वतः आयुर्वेदाची वैद्य आहे. तुमच्यासारख्या सुजेच्या संधिवाताला आम्ही आमवात म्हणतो; त्याच्या आमच्याकडच्या औषधांनी दुसऱ्या दिवशी ठणका जात नाही. गुग्गुळ, रास्ना, सुंठ, एरंड यांचं काम आठवड्यांच्या हिशेबाने चालतं. रुग्ण कंटाळून फोन करतो, 'अजून काहीच फरक नाही हो', तेव्हा कुठे फरकाची सुरुवात होत असते. एका रात्रीत कळ थांबवणारी, भूक खवळवणारी, चेहरा गोल करणारी आणि चुकली की अंग मोडून आणणारी पुडी असेल, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका येते. सोबत एखादं वेदनाशामकही असू शकतं. तुमच्या पुडीत नेमकं काय आहे हे मला इथून सांगता येणार नाही. पण पत्रातल्या या चार गोष्टी एकत्र वाचल्यावर 'तब्येत सुधारली' या वाक्याने मला तरी बरं वाटलं नाही. भरलेला चेहरा हा बहुधा स्टेरॉइडचा परिणाम आहे.

आता नीट वाचा. ही पुडी उद्यापासून एकदम बंद करू नका. अडीच महिने बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं तर शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, आणि बाहेरचं अचानक थांबलं की रक्तदाब पडणं, उलट्या, चक्कर, प्रचंड गळाठा अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. तशी लक्षणं दिसली तर सरळ जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं आणि 'स्टेरॉइडच्या पुड्या चालू असाव्यात' हे वाक्य दारातच सांगायचं. तसं काही नसेल तर याच आठवड्यात तुमच्या संधिवात तज्ज्ञांकडे जा. उरलेल्या सगळ्या पुड्या बरोबर न्या. साखर, रक्तदाब तपासून घ्या. पुडी कशी उतरवत आणायची, तिच्या जागी मोजून काय द्यायचं, हे ते ठरवतील. न सांगता गोळ्या बंद केल्या म्हणून ते रागावतील, ही धाकधूक तुम्हाला असणारच. रागावले तर ऐकून घ्या, पण जाणं टाळू नका.

आणि एक. आयुर्वेदिक औषधालाही कायदा आहे. बाटलीवर किंवा डबीवर घटक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, परवाना क्रमांक छापलेला असतो. वैद्याने स्वतः पुडी बांधून दिली तरी तिच्यात काय आहे ते त्याने चिठ्ठीवर लिहून द्यायला काय हरकत आहे? विचारल्यावर 'जडीबुटी आहे, गुप्त आहे' असं उत्तर आलं तर तिथून उठायचं. महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या वैद्याची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. बाजारातल्या त्या गृहस्थांबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करता येते; ती करायची की नाही हे तुम्ही घरी ठरवा, पण पुड्यांतली एखादी जपून ठेवा.

आता सासूबाईंचा गुडघा. त्यांना तेलाने बरं वाटलं आणि तुमची सूज तेलाने वाढली, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्हींचं कारण जुन्या ग्रंथांत स्वच्छ लिहिलेलं आहे.

त्यांचा आजार वयोमानाच्या झिजेचा. चरकसंहितेच्या वातव्याधीच्या अध्यायात त्याला संधिगत वात म्हटलंय : सांध्याला हात लावला तर हवा भरलेल्या पखालीसारखा लागतो, आखडताना-पसरताना दुखतो. असा गुडघा वापरला की जास्त दुखतो, बसलं की शांत होतो. सकाळी आखडलाच तर दहा-पंधरा मिनिटांत मोकळा होतो. कोरडा पडलेला, झिजलेला सांधा तो, त्याला तेल आणि शेक सुखावतात. सासूबाईंनी खुशाल लावावं.

तुमचं दुखणं वेगळं आहे. दोन्ही हातांचे लहान सांधे, सकाळचा दोन तासांचा ताठरपणा, गरम लागणारी सूज, आणि हालचाल केल्यावर हळूहळू येणारा मोकळेपणा. अंगात कणकण, तोंडाला चव नसणं, जडपणा हेही तुम्हाला सुरुवातीला झालं असेल. माधवकरांनी सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवनिदानात आमवात हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला आणि अंग मोडून येणं, अरुची, जडपणा, ताप, सुजलेल्या सांध्यांत विंचू डसल्यासारखी वेदना अशी लक्षणं सांगितली. आजचे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्याच्याशी हे चित्र बरंच जुळतं. यात आधी भूक मंदावते, न पचलेल्या अन्नाचा अंश म्हणजे आम तयार होतो, आणि वात तो सांध्यांत नेऊन बसवतो, अशी आयुर्वेदाची मांडणी आहे. अशा सांध्यावर तेल चोळणं म्हणजे आधीच चिखल झालेल्या अंगणात आणखी बादलीभर पाणी ओतणं. अकराव्या शतकातल्या चक्रदत्तानेही क्रम दिलाय : आधी लंघन म्हणजे हलकं खाणं, मग शेक, कडू-तिखट आणि भूक वाढवणारी औषधं, विरेचन (जुलाब देणं), स्नेहपान (औषधी तूप-तेल पिणं) आणि बस्ती (औषधी एनिमा) यांचा नंबर त्यानंतर. तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून शेवटची पायरी सुरू होती. सासूबाईंना दोष देऊ नका, मायेपोटीच करत होत्या. पण आज रात्रीपासून तेल थांबवा.

मग करायचं काय? कोरडा शेक. नदीची वाळू मिळाली तर उत्तम, नाहीतर बांधकामाची वाळू धुऊन, वाळवून, चाळून घ्या. लोखंडी कढईत पाणी-तेल काही न घालता भाजा आणि जाडसर सुती कापडात पुरचुंडी बांधा. आधी शेकणाऱ्याने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. तिथे चटका बसला तर थोडी थांबायची. दहा-पंधरा मिनिटं, सकाळी उठल्या उठल्या, जेव्हा बोटं सर्वांत जास्त आखडलेली असतात. वालुका पोट्टली स्वेद असं याचं भारदस्त नाव आहे, खर्च शून्य. सांधा लालभडक, तापलेला असेल त्या दिवशी शेकू नका. आणि पुडीमुळे साखर वाढलेली निघाली किंवा बोटांना मुंग्या-बधिरपणा असेल तर तपासणीआधी शेक नको, भाजलेलं कळत नाही.

पोटात घ्यायच्या औषधांबद्दल मी इथे मात्रा लिहिणार नाही, पण नावं माहीत असू देत म्हणजे उद्या कुणी चिठ्ठी दिली तर समजेल. आमवातात सिंहनाद गुग्गुळ, रास्नासप्तक किंवा महारास्नादी काढा, अजमोदादी चूर्ण, वैश्वानर चूर्ण, सुंठीच्या काढ्यातून एरंडेल ही नेहमीची मंडळी. एरंडेलाचं तर जुन्या श्लोकात फार कौतुक आहे : शरीराच्या रानात फिरणाऱ्या आमवात नावाच्या हत्तीला मारणारा हा एकटा सिंह. सिंह असला तरी वैद्याने सांगितलेल्या मात्रेतच घ्यायचा. जुलाब होत असतील, आतड्याचा त्रास असेल, दिवस गेले असतील तर नाहीच. महायोगराज गुग्गुळ मात्र दुकानातून परस्पर आणू नका. त्यात नाग भस्म म्हणजे शिशाचं भस्म असतं, रससिंदूर म्हणजे पारा असतो. वातविध्वंस रसात बचनाग ही विषारी वनस्पती असते. अशा विषारी द्रव्यांची यादी औषध कायद्याच्या नियमांत अनुसूची ई-१ म्हणून दिलेली आहे आणि ती असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. ती कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते, चष्मा लावून वाचा.

पंचकर्माचंही असंच. बस्ती आणि विरेचन आमवातात उपयोगी पडतात हा माझा अनुभव आहे, पण रुग्णाची अवस्था बघून. हल्ली 'संधिवात स्पेशल, सात दिवस, रोज सर्वांगाला अभ्यंग', म्हणजे तेलाचं मालीश, अशी पॅकेजं निघाली आहेत. आमवाताचा रुग्ण आला तरी तेच, झिजलेल्या गुडघ्याचा आला तरी तेच. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा की माझ्या आजारात तेल चालतं का. विचार न करता 'चालतं' म्हणाले तर पैसे वाचले असं समजा.

आता मेथोट्रेक्झेट. जाऊबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. या गोळीने यकृतावर ताण येऊ शकतो, रक्तपेशी कमी होऊ शकतात. म्हणूनच ठरावीक अंतराने रक्त तपासायला सांगतात आणि जोडीला फॉलिक अ‍ॅसिड देतात. पण १९८०च्या दशकापासून जगभर या आजारात ती दिली जातेय आणि तिच्या धोक्यांवर नजर कशी ठेवायची हे डॉक्टरांना पक्कं माहीत आहे. तुमच्या पुडीत काय आहे हे मात्र कुणालाच माहीत नाही. जाऊबाईंना एवढा एक फरक सांगून बघा.

मळमळ हा मात्र खरा त्रास आहे आणि त्यावर उपाय आहेत. गोळी रात्री जेवून घेणं, ठरल्या दिवशीच मात्रा दोन भागांत विभागणं, फॉलिक अ‍ॅसिड वाढवणं, किंवा गोळीऐवजी त्वचेखाली इंजेक्शन. तरीही झेपली नाही तर दुसरी औषधं आहेत. यातलं काहीही घरी ठरवायचं नाही. 'मला हिचा असा असा त्रास होतो' एवढं डॉक्टरांना सांगायचं. आपल्या बायका हेच सांगत नाहीत. चार महिने मळमळ सोसतात आणि मग एक दिवस गुपचूप गोळी बंद करतात. पुन्हा सुरू झाली तर लक्षात ठेवा, ती आठवड्यातून एकदाच. रोज घेतली गेली तर फार मोठा धोका आहे, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तो आधीच बोला, गरोदरपणात ही गोळी चालत नाही.

मी वैद्य असून गोळी पुन्हा सुरू करायला का सांगतेय, असं वाटेल. या आजारात सूज नुसती दुखत नाही, ती हाडाच्या कडा कुरतडते, आणि हे नुकसान बहुतेकांत पहिल्या दोनेक वर्षांतच सुरू होतं. वाकडं झालेलं बोट कुठल्याही पॅथीने सरळ होत नाही. तुम्हाला दीड वर्ष झालंय, त्यातले काही महिने औषधाविना गेलेत. हातात असलेला वेळ हा आहे. ज्या औषधाने फरक पडत होता ते सोडून, दुसऱ्याचा गुण येतो का याची वाट बघत बसायची ही वेळ नाही.

याचा अर्थ आयुर्वेद घेऊ नका असा नाही. कोइंबतूरला याच आजारावर एक चांगली चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ४३ रुग्णांचे तीन गट : एकाला आयुर्वेदिक औषधं, दुसऱ्याला मेथोट्रेक्झेट, तिसऱ्याला दोन्ही. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना किंवा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, आणि आयुर्वेदिक औषध प्रत्येकाची प्रकृती पाहून वैद्य ठरवत होते. ३६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांतली सुधारणा साधारण सारखी होती. आम्हा वैद्यांना हे ऐकायला गोड वाटतं आणि काही जण ते भाषणात वापरतातही. पण ४३ ही संख्या फार लहान आहे. त्या अभ्यासाने दार किलकिलं झालं, एवढंच मी म्हणेन. तिथे वैद्य, डॉक्टर आणि रक्ततपासण्या हे सगळं एका छपराखाली होतं, हेही विसरू नये.

'आयुर्वेदिक म्हणजे साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्यही जरा जपून वापरा. पुण्याच्या संशोधकांच्या पुढाकाराने गुडघ्याच्या झिजेवर ४४० रुग्णांची मोठी चाचणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुंठ, गुळवेल, शल्लकी, आवळा अशा द्रव्यांची औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या गुडघेदुखीवरच्या अ‍ॅलोपॅथीच्या औषधांच्या तोडीस तोड ठरली, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच चाचणीत आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या काही जणांचं एसजीपीटी, म्हणजे यकृतावरचा ताण दाखवणारं रक्तातलं प्रमाण, वाढलं होतं. त्रास काहीच नव्हता, तपासलं म्हणून कळलं. औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झालं. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती हेच तपासलेलं नाही असं म्हटलं. वाद चालू राहील. पण मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या बाईने शेजारणीच्या सांगण्यावरून कपभर गुळवेलीचा काढा रोज पिऊ नये, एवढं मी वादाची वाट न बघता सांगते. वैद्याने दिलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवा, डॉक्टरांची फाइल वैद्याला दाखवा, आणि यकृताची तपासणी दोघांच्या नजरेखालून जाऊ दे. 'सहा महिन्यांत तुमची मेथोट्रेक्झेट सोडवतो' म्हणणारा वैद्य भेटला तर नमस्कार करून परत या. पुढे सांधे दीर्घकाळ शांत राहिले, रक्तातली सूज मोजणारे ईएसआर-सीआरपी खाली आले, तर गोळी कमी करायचा निर्णय ती देणाऱ्या डॉक्टरांनी घ्यायचा असतो. तसं होतंही.

मुळापासून जाईल का? खोटी आशा देत नाही. माधवकरांनीच आमवाताचे प्रकार सांगताना वात, पित्त, कफ यांपैकी एका दोषाचा असेल तर बरा होणारा, दोन दोषांचा असेल तर औषधाने आटोक्यात राहणारा, आणि सगळ्या अंगभर सूज पसरलेला असेल तर कष्टसाध्य असं लिहून ठेवलंय. ग्रंथ इतका प्रांजळ असताना भिंतीवर 'संधिवात मुळापासून गायब' रंगवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. संधिवातावर हमखास इलाजाची जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. पण आटोक्यात राहणं ही लहान गोष्ट नव्हे. वेळेवर औषध घेणाऱ्या कितीतरी बायका शेतात राबतात, शाळेत शिकवतात, नातवंडं उचलून घेतात.

खाण्याचं थोडक्यात. टोमॅटो, बटाटा, वांगं, लिंबू, सगळंच बंद करून कुणी बरं झाल्याचं मी पाहिलेलं नाही. अशक्त झालेल्या मात्र पाहिल्यात. ग्रंथांनी आमवातात दही, मासे, गूळ, दूध, उडीद-पिठाचे जड पदार्थ आणि मायाळूची भाजी टाळायला सांगितलीय. सूज आहे तोवर ते पाळून बघा. ज्वारीची भाकरी, कुळथाचं पिठलं, शेवगा, कारलं, पडवळ, लसूण घातलेलं पातळ ताजं ताक हे तुमच्या घरी होतच असेल. भूक लागल्याशिवाय जेवू नका आणि रात्रीचं लवकर आटपा. दूध बंद केलं तर कॅल्शियमचं डॉक्टरांना विचारा, कारण स्टेरॉइडने हाडं ठिसूळ होतात.

शिवणकाम सोडू नका, पण पद्धत बदला. मोठी कात्री बोटांच्या सांध्यांवर फार जोर आणते. कापायचं काम दुपारनंतर ठेवा, सकाळी नको, आणि जाड कापडाच्या थप्प्या एकदम कापू नका. मनगटाला आधार देणारा पट्टा फिजिओथेरपिस्ट मापाने देतात, बोटांचे व्यायामही शिकवतात. तज्ज्ञांकडे जाल त्याच दिवशी ती चिठ्ठी मागून घ्या. काजं-बटणं आणि हातशिलाई जमेल तर दुसऱ्या कुणाला वाटून द्या. आणि तपासणी झाली की रिपोर्टची प्रत मला पाठवा. पुडीत काय निघालं ते कळलं, तर त्याप्रमाणे वैद्याकडे काय मागायचं हे पुढच्या उत्तरात लिहीन.